व्होल्टेज, पोटेन्शिअल एनर्जी आणि वर्क : मायनस नेमका कधी लावायचा?

बारावी_अमळनेर
नमस्कार सगळ्यांना. बारावी सायन्सला आहे, सीईटीची तयारी चालू आहे आणि इलेक्ट्रोस्टॅटिक्सच्या धड्यात पार डोकं आउट झालंय. फॉर्म्युले पाठ आहेत हो सगळे, पण गणित समोर आलं की हात थांबतो.

पहिली गोष्ट. एका ठिकाणी लिहिलंय वर्क = चार्ज गुणिले पोटेन्शिअलमधला फरक. दुसऱ्या ठिकाणी तोच फॉर्म्युला पण पुढे मायनस. क्लासच्या सरांना विचारलं तर म्हणे दोन्ही बरोबर आहेत, गणित बघून लाव. आता गणित बघून काय लाव, मला गणित बघून काहीच दिसत नाही ना.

गणित हे होतं : अ या पॉइंटला पोटेन्शिअल १०० व्होल्ट, ब ला ४०० व्होल्ट. प्लस २ मायक्रोकूलंबचा चार्ज अ वरून ब ला नेला. वर्क किती? माझं उत्तर मायनस ०.६ मिलिज्यूल, आन्सर की मध्ये प्लस ०.६. मग लगेच पुढचं गणित मायनस २ मायक्रोकूलंबचं, तिथे मी शहाणपणा करून प्लस लिहिलं तर की मध्ये मायनस!!

दुसरी गोष्ट म्हणजे व्होल्टेज आणि पोटेन्शिअल एनर्जी एकच का वेगळं? घरातल्या सॉकेटमध्ये २३० व्होल्ट असतात म्हणतात, काही लावलेलं नसलं तरी असतात, मग ती एनर्जी त्या भोकांत बसलेली असते का? हसू नका, खरंच विचारतेय.

धुळे_गल्ली_नं_५
सोपं आहे ग ताई. व्होल्टेज म्हणजेच एनर्जी. जास्त व्होल्टेज जास्त एनर्जी, कमी व्होल्टेज कमी एनर्जी. सेलला हात लावला तर काही होत नाही, अकरा हजाराच्या लाईनला लावला तर माणूस जागेवर खलास. एवढं लक्षात ठेव, सीईटीला पुरेसं आहे.

रावेर_केळीबाग
धुळेकर भाऊ राग मानू नका, पण असं सांगितलं तर ती अजून गोंधळेल. व्होल्टेज म्हणजे एनर्जी नाही. व्होल्टेज हा भाव आहे भाव.

ताई, मी बीएस्सी फिजिक्स करून आता केळी करतो, त्यामुळे मला हे असंच सुचतं. समजा आज केळीचा भाव निघाला क्विंटलला १५०० रुपये. म्हणून माझ्या खिशात १५०० आले का? नाही ना. ४० क्विंटल कटाई केली तर साठ हजार, एकच क्विंटल दिला तर दीड हजार, आणि एकही घड कापला नाही तर शून्य, भाव मात्र तिन्ही वेळेला तोच. आता क्विंटलच्या जागी कूलंब (चार्जचं माप) टाक आणि रुपयाच्या जागी ज्यूल (एनर्जीचं माप). एक व्होल्ट म्हणजे दर कूलंबला एक ज्यूल, बस. एनर्जी = चार्ज × व्होल्टेज हे म्हणजे बिल, व्होल्टेज नुसता भाव. तुझ्या सॉकेटमध्ये २३० चा भाव लागलेला आहे, माल गेलेला नाही, म्हणून बिल शून्य. टेबलफॅन लावला की चार्ज हलायला लागतो आणि मीटर पळायला लागतं.

दुसरं, भाव एकट्या गावाचा सांगून व्यापाऱ्याला उपयोग नसतो. रावेरला १५००, दिल्लीला २२००, त्याला मतलब मधल्या ७०० शी. तसं व्होल्टेज म्हटलं की दोन पॉइंट आलेच. अ ला १०० आणि ब ला ४०० असं जे गणितात दिलंय त्यातले १०० आणि ४०० वेगवेगळे कामाचे नाहीत, ३०० कामाचे. ते ११०० आणि १४०० असते तरी तुझं उत्तर तेच आलं असतं. तारेवर बसलेला कावळा मरत नाही तो ह्याच्यामुळे, दोन्ही पाय एकाच तारेवर, दोन पायांतला फरक जवळपास काहीच नाही.

आता धुळेकर भाऊंच्या मुद्द्याचं. डिसेंबर जानेवारीत आपल्याकडे हवा कोरडी ठण्ण असते, स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, अंधारात ठिणग्या पण दिसतात. तिथे सहज आठ-दहा हजार व्होल्ट असतात. कोणी मेलंय का स्वेटर काढताना? अंगावर साचलेला चार्ज असतो साधारण एक मायक्रोकूलंब, म्हणजे कूलंबाचा दहा लाखावा भाग. दहा हजारानं गुणला आणि निम्मा केला (निम्मा का ते वेगळं प्रकरण आहे, कोणीतरी सांगेलच) तर पाच मिलिज्यूल. तेच इन्व्हर्टरची बॅटरी बघ, १२ व्होल्ट १५० एएच (अँपिअर-अवर, म्हणजे १५० अँपिअर तासभर). भाव फक्त १२ चा, पण माल १५० × ३६०० म्हणजे ५ लाख ४० हजार कूलंब. गुणाकार केला की ६४ लाख ८० हजार ज्यूल, बिलाच्या भाषेत १.८ युनिट. अकरा हजाराची लाईन मारते कारण तिथे भावही मोठा आणि मागे अख्खं सबस्टेशन माल पुरवत बसलेलं, चार्ज संपतच नाही. हात लावायचं सोडा, जवळ पण जाऊ नका कोणी, पावसाळ्यात तर अजिबात नाही.

अजून एक. पुस्तकात टेस्ट चार्ज कायम एवढूसा घ्यायला सांगतात ना, त्याचं कारण पण बाजारातलंच आहे. एकदम शंभर गाड्या माल आणून ओतला तर भावच हलतो. मोठा चार्ज आणला तर तो आजूबाजूचे चार्ज सरकवतो आणि मग जे पोटेन्शिअल मोजायचं होतं तेच बदलून जातं.

धुळे_गल्ली_नं_५
अरे वा केळीवाले प्रोफेसर 🙏 पण १५०० भाव कोणत्या जगात मिळतोय तो पण सांगा.

रावेर_केळीबाग
समजा म्हटलंय भो, समजा. 😄

वायंडिंगवाला_चोपडा
निम्मा का ते मी सांगतो, आपलं रोजचंच काम आहे. मी आयटीआय वाला, फॉर्म्युल्यात चुकभूल असेल तर मास्तर लोकांनी सांगावं.

ताई, पंख्यात असतो तो २.५ एमएफडीचा (मायक्रोफॅरडचा) कपॅसिटर, चार्ज साठवणारा पांढरा डबा. आमच्याकडे जुने मिस्त्री तो चेक कसा करायचे, तर मेनच्या दोन वायरी क्षणभर टेकवायच्या, काढायच्या आणि मग कपॅसिटरच्या दोन वायरी एकमेकीला लावायच्या. चट् करून ठिणगी पडली म्हणजे चांगला, नाही पडली तर फेक. (तू हे करायचं नाही. कोणीच करायचं नाही, आता त्याला मीटर मिळतं.) आता गंमत अशी का तोच कपॅसिटर, तोच मेन, एकदा मोठी ठिणगी पडते, एकदा बारीक आणि एकदा तर काहीच नाही. नवीन पोरं म्हणतात खराब शे, आणि चांगला डबा फेकून देतात. खराब नसतो. एसी आहे ना ते, सेकंदाला ५० वेळा वरखाली होतं, वायर ज्या क्षणाला सुटली त्या क्षणाला जेवढं व्होल्टेज असेल तेवढं डब्यात राहतं. शिखरावर सुटली तर ३२५ व्होल्ट (२३० चं शिखर ३२५ असतं), शून्यापाशी सुटली तर ठणठण गोपाळ.

३२५ ला सुटली तर एनर्जी निघते ०.१३ ज्यूल. पाणबुडी मोटरच्या पॅनलमधला ३६ एमएफडीचा रनिंग कपॅसिटर तेवढ्याच व्होल्टेजला असेल तर १.९ ज्यूल, म्हणून त्याचा झटका लक्षात राहतो. तो सुटा काढला का आम्ही आधी बल्बच्या होल्डरमधून डिस्चार्ज करतो. स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर ठिणगीनं टर्मिनल जळतं आणि डोळ्यासमोर काजवे.

आता निम्मा. कपॅसिटर रिकामा असताना पहिला चार्ज आत टाकायला काहीच जोर लागत नाही कारण समोर व्होल्टेजच नाही. जसजसा भरत जातो तसतसं समोरचं व्होल्टेज वाढत जातं, शेवटचा चार्ज टाकताना पूर्ण ३२५ चा सामना. म्हणजे सगळा माल एका भावानं गेलाच नाही, शून्यापासून सुरू होऊन ३२५ पर्यंत चढत गेला, सरासरी काढली का निम्मा. रावेरच्या भाऊंच्या भाषेत सांगस तुले, ह्या बाजारात जेवढा माल घातला तेवढा भाव वाढत जातो. स्वेटरवाल्या अंगाचं पण तेच, तुझं अंग पण एक कपॅसिटरच आहे.

आणि हे पण बघून ठेव, परीक्षेत विचारतात म्हणे. बॅटरीनं कपॅसिटर चार्ज केला तर बॅटरी सगळा चार्ज पूर्ण व्होल्टेजनं देते, ती भाव कमी करत नाही. कपॅसिटरमध्ये मात्र निम्मीच एनर्जी साठते. उरलेली वायरमध्ये गरम होऊन गेली. जाड वायर टाकली म्हणून ती वाचत नाही, चार्जिंग लवकर होतं एवढंच, जायची तेवढी जातेच. मला हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पटलं नव्हतं, एका डिप्लोमावाल्या पोरानं वहीत करून दाखवलं.

बारावी_अमळनेर
बापरे, एवढं लिहिलंत तुम्ही सगळ्यांनी, थँक्यू थँक्यू. भाव आणि बिल एकदम डोक्यात बसलं. निम्म्याचं पण कळलं, आमच्या नोट्समध्ये नुसतं इंटिग्रेशन करून मोकळे झालेत.

पण मायनसचं अजून तसंच आहे ना? अ वरून ब ला जाताना भाव ३०० नी वाढला, माल २ मायक्रो, म्हणजे ०.६ मिलि. हे ०.६ प्लस की मायनस ते कोण ठरवणार?

निवृत्त_मास्तर_भुसावळ
बेटा, प्रश्नच अर्धा विचारलाय, म्हणून उत्तराला दोन चिन्हं येतात. "वर्क किती" असं कधीच विचारू नये. वर्क कोणी केलं, हे आधी विचारायचं. मी वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात "कोणी?" असं लिहून ठेवायचो आणि वर्षभर पुसू द्यायचो नाही.

प्लस चार्जला फिल्ड (आजूबाजूच्या चार्जमुळे तिथे असलेला ओढण्या-ढकलण्याचा जोर) कायम जास्त पोटेन्शिअलकडून कमीकडे ढकलते. तुझ्या गणितात त्याला १०० वरून ४०० ला न्यायचंय, म्हणजे फिल्डच्या मर्जीविरुद्ध. तू हातानं लोटत नेणार. तुझा जोर आणि सरकणं एकाच दिशेला, म्हणून तू केलेलं काम प्लस ०.६ मिलिज्यूल. फिल्डचा जोर मागे आणि चार्ज पुढे, म्हणून फिल्डनं केलेलं काम मायनस ०.६. पोटेन्शिअल एनर्जी ०.६ नं वाढली. दोन फॉर्म्युले म्हणजे एकाच घटनेचे दोन साक्षीदार आहेत. मायनस नसलेला फॉर्म्युला बाहेरच्याच्या कामाचा, मायनसवाला फिल्डच्या कामाचा. गणितात "चार्ज नेला", "आणला", "न्यायला लागणारं काम" असे शब्द असले की काम बाहेरच्यानं केलंय. "फिल्डनं केलेलं काम" किंवा "चार्ज सोडून दिला" असं असलं की मायनसवाला. तू मायनसवाला लावलास, आन्सर की वाल्यानं दुसरा, बाकी काही नाही.

आता मायनस २ मायक्रोकूलंब. हा गडी उलटा. त्याला ४०० कडे जायचीच हौस आहे, फिल्ड स्वतःच ओढून नेते, तुला उलट मागे धरून ठेवावं लागतं, सुटू नये म्हणून. जोर मागे, सरकणं पुढे, तुझं काम मायनस ०.६. पोटेन्शिअल जास्त असलेल्या जागी जाऊन त्याची पोटेन्शिअल एनर्जी कमी झाली. बहुतेक पोरं इथेच आपटतात, कारण डोक्यात बसलेलं असतं की वरचं व्होल्टेज म्हणजे वरची एनर्जी. पोटेन्शिअल हे जागेचं असतं, तिथे कोण येऊन बसणार ह्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. एनर्जी काढताना मात्र चार्ज त्याच्या चिन्हासकट गुणायचा, चिन्ह खिशात ठेवून नाही.

एक अट कोणी सांगत नाही ती सांगतो. बाहेरच्याचं काम बरोबर पोटेन्शिअल एनर्जीतला बदल, हे तेव्हाच जेव्हा चार्ज हळू नेला, म्हणजे सुरुवातीला आणि शेवटी वेग सारखा. ब ला पोचताना तो पळत असेल तर ती कायनेटिक एनर्जी पण तुझ्याच कामातून गेलेली असते, ती वेगळी मिळवायची.

वाट कोणतीही चालेल. अ वरून सरळ ब ला ने, नाहीतर वळसा घालून ने, स्थिर चार्जच्या फिल्डमध्ये काम तेवढंच. आणि म्हणून तर प्रत्येक जागेला एक पोटेन्शिअलचा आकडा लावता येतो. वाटेवाटेनं काम बदललं असतं तर आकडा कोणता लावणार? चोपड्याच्या मिस्त्रींच्या मोटरमध्ये बदलत्या चुंबकीय फिल्डमुळे जी फिल्ड तयार होते तिथे हे चालत नाही, पण तो धडा तुला पुढे आहे, आत्ता नको.

नीट_रिपीटर_शहादा
सर मध्येच घुसतो. माझी एक चूक मॉक टेस्टला हमखास होते. इलेक्ट्रॉन १०० व्होल्टमधून सोडला, कायनेटिक एनर्जी किती, असं असतं. मी फिल्डचं काम १०० इलेक्ट्रॉन व्होल्ट घेतो, वर पोटेन्शिअल एनर्जी कमी झाली ती १०० पण मिळवतो, उत्तर २००. पर्यायात २०० पण दिलेलं असतं बरोबर 😭

निवृत्त_मास्तर_भुसावळ
पेपर काढणारा तुला ओळखतो म्हणून देतो ते. फिल्डनं केलेलं काम आणि पोटेन्शिअल एनर्जीतली घट ह्या दोन गोष्टी नाहीतच, तोच पैसा आहे, एकदा पासबुकात बघितला आणि एकदा मोबाईलवर. दोन्ही ठिकाणी दिसला म्हणून दुप्पट होत नाही. एकतर म्हण फिल्डनं १०० चं काम केलं, नाहीतर म्हण पोटेन्शिअल एनर्जी १०० नं घटली. दोन्ही एका समीकरणात आणायचे नाहीत. उत्तर १०० इलेक्ट्रॉन व्होल्ट.

इलेक्ट्रॉन व्होल्ट म्हणजे तरी काय, एका इलेक्ट्रॉनएवढा चार्ज एक व्होल्टमधून गेला की जेवढी एनर्जी, १.६ × १० चा मायनस १९ घात ज्यूल. नावात व्होल्ट आहे म्हणून ते व्होल्टेजचं एकक समजू नकोस, ते एनर्जीचं आहे.

बारावी_अमळनेर
सर आता दोन्ही गणितं सुटली!! "कोणी?" मी पण वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं. अजून एकच, मग त्रास देत नाही. दोन चार्जची पोटेन्शिअल एनर्जी काढली की एक प्लस एक मायनस असेल तर उत्तर मायनस येतं. एनर्जी मायनस म्हणजे नेमकं काय झालं? आणि ती कोणत्या चार्जची म्हणायची, पहिल्याची की दुसऱ्याची?

निवृत्त_मास्तर_भुसावळ
दोघांपैकी कोणाचीच नाही, जोडीची. शून्य कुठे धरलंय ते बघ म्हणजे मायनसचा उलगडा होईल. दोघं एकमेकांपासून अनंत अंतरावर असताना एनर्जी शून्य, असं आपण ठरवलं. तिथून प्लस आणि मायनस जवळ येऊ दिले तर ते आपण होऊन येतात, एनर्जी शून्यावरून खाली उतरते. खाली म्हणजे मायनसच. त्यांना परत वेगळं करायचं तर तेवढी एनर्जी बाहेरून घालावी लागेल, एवढाच त्या मायनसचा अर्थ.

हायड्रोजन घे. प्रोटॉनपासून ०.५३ अँगस्ट्रॉमवर (अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग) प्रोटॉनचं पोटेन्शिअल येतं प्लस २७.२ व्होल्ट. तिथे इलेक्ट्रॉन ठेवला, त्याचा चार्ज मायनस, म्हणून जोडीची पोटेन्शिअल एनर्जी मायनस २७.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट. बोरच्या मॉडेलनं त्याची कायनेटिक एनर्जी प्लस १३.६. बेरीज मायनस १३.६. आणि हायड्रोजनमधला इलेक्ट्रॉन उपटून काढायला किती लागतात ते केमिस्ट्रीच्या सरांना विचार, तेच १३.६ सांगतील. बघ, एका कागदावर व्होल्ट आहे, इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे, प्लस आहे, मायनस आहे, आणि कुठेही भांडण नाही.

जोडी एकदाच मोजायची हे मात्र विसरू नकोस. इलेक्ट्रॉनची मायनस २७.२ आणि प्रोटॉनची पण मायनस २७.२ अशी बेरीज करणारे महाभाग दरवर्षी भेटायचे मला.

पाचोरा_मोबाईल_रिपेअर
हा धागा भारी चालू आहे. माझा एक धंद्यातला प्रश्न टाकतो. गिऱ्हाईक रोज भांडतं, पॉवर बँकवर १०००० एमएएच लिहिलंय, माझा फोन ५००० चा, मग दोनदा फुल का होत नाही, तुम्ही डुप्लिकेट माल देता. मी सांगतो लॉस असतो. पण लॉस एवढा असतो का खरंच?

रावेर_केळीबाग
एमएएच म्हणजे चार्ज आहे, एनर्जी नाही, सगळा घोळ तिथे आहे. १०००० एमएएच हा माल आतल्या सेलच्या भावानं मोजलाय, ३.७ व्होल्ट. एनर्जी झाली ३७ वॅट-अवर. बाहेर यूएसबीला तुम्ही ५ व्होल्टनं देता. एनर्जी तेवढीच, भाव वाढला, म्हणजे माल कमी निघणार : ३७ भागिले ५, ७४०० एमएएच. एक थेंब वाया न घालवता ७४०० च. त्याच्यातून परत सर्किट गरम होतं, फोन गरम होतो, वायर हलकी असली तर तिथे, म्हणून प्रत्यक्षात अजून खाली. चांगल्या पॉवर बँकेवर बारीक अक्षरात रेटेड कपॅसिटी वेगळी छापलेली असते, ती दाखवा गिऱ्हाईकाला.

फोनची बॅटरी पण ३.८५ च्या आसपास असते, ५००० एमएएच म्हणजे साधारण १९ वॅट-अवर. ३७ मधून १९ दोनदा लॉस न धरता सुद्धा जात नाहीत. एमएएच ला एमएएच लावून बघू नका, वॅट-अवरला वॅट-अवर लावा.

पाचोरा_मोबाईल_रिपेअर
हे प्रिंट काढून काउंटरला चिकटवतो. ऐकणार कोणी नाही ते वेगळं.

लोकोशेड_भुसावळ
कूलंब आणि भाव चाललंय तर आमची पण एक भर. रेल्वेच्या वरच्या वायरला २५ हजार व्होल्ट का, ह्याचं उत्तर तुमच्या वरच्या बिलातच आहे. सहा हजार एचपीचं इंजिन म्हणजे साधारण साडेचार मेगावॅट, म्हणजे सेकंदाला ४५ लाख ज्यूल. २५ हजार व्होल्टनं दर कूलंबमागे २५ हजार ज्यूल मिळतात, म्हणून सेकंदाला १८० कूलंब पुरतात, १८० अँपिअर (पॉवर फॅक्टर वगैरे आत्ता सोडून द्या). तेच इंजिन घरच्या २३० व्होल्टवर चालवायचं म्हटलं तर साडेएकोणीस हजार अँपिअर. वायर गरम होते ती करंटच्या वर्गाच्या हिशेबात, करंट १०८ पट झाला की त्याच वायरमध्ये लॉस जवळपास बारा हजार पट. मे महिन्यात भुसावळला असंच ४५ डिग्री असतं, वर हे कशाला. धुळ्याला ७६५ केव्हीचं (७ लाख ६५ हजार व्होल्टचं) सबस्टेशन आहे ते पण ह्याच कारणानं, लांबून मोठी पॉवर आणायची तर भाव चढा ठेवायचा आणि माल कमी पाठवायचा.

वायंडिंगवाला_चोपडा
आणि आमच्या शेतीच्या फिडरला उलटं. रात्री सगळ्यांच्या मोटरी एकदम चालू, ४१५ च्या जागी ३४० मिळतात. लोक म्हणतात व्होल्टेज कमी म्हणजे मोटर आरामात चालेल. कसली आराम भो, पाणी तेवढंच उचलायचंय, काम तेवढंच, भाव पडला का माल जास्त ओढणार. करंट वाढतो, वायंडिंग तापते, वार्निशचा वास सुटतो आणि सकाळी मोटर माझ्या दुकानात.

धुळे_गल्ली_नं_५
म्हणजे कमी व्होल्टेजनं तुमचा धंदा चालतो असं म्हणा ना.

वायंडिंगवाला_चोपडा
बराबर शे 😄

निवृत्त_मास्तर_भुसावळ
अमळनेरच्या ताईला जाता जाता एक गणित. समभुज त्रिकोण, बाजू सारखी. दोन कोपऱ्यांवर प्लस चार्ज, तिसऱ्यावर तेवढाच मायनस. एका प्लस-प्लस जोडीची एनर्जी १ एकक धर. तिघांना अनंतातून आणून तिथे हळूच ठेवायला बाहेरच्यानं केलेलं काम किती एकक?

बारावी_अमळनेर
जोड्या तीन. प्लस-प्लस ची १. प्लस-मायनस दोन वेळा, मायनस १ आणि मायनस १. बेरीज मायनस १. "कोणी?" तर बाहेरच्यानं, म्हणजे जेवढा पोटेन्शिअल एनर्जीतला बदल तेवढंच, मायनस १ एकक. फिल्डनं केलेलं प्लस १.

निवृत्त_मास्तर_भुसावळ
बरोबर. आता मायनसवाला कोपरा हळूच अनंतात नेऊन टाक आणि त्याचं काम काढ.

बारावी_अमळनेर
प्लस २. आधी मायनस १ होती, मागे उरली फक्त प्लस-प्लस जोडी म्हणजे १, फरक २. तोडलेल्या जोड्या पण दोनच, जुळतंय सर.